प्रौढ स्त्रियांचा साक्षरता वर्ग: महिला मंडळाने सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चर्चच्या महिला मंडळात सोळा भगिनी आहेत, त्यांपैकी तिघी निवृत्त शिक्षिका आहेत, आठवड्यातून एकदा सगळ्या जमतात आणि परिसरातल्या लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांसाठी वर्ग सुरू करावा असे मंडळाने ठरवले आहे. पुस्तक कोणते घ्यावे, बायबल वाचायला शिकवावे का आणि किती महिन्यांत स्त्रिया वाचू लागतील, असे तुम्ही विचारले आहे. मी गेली बरीच वर्षे अशा वर्गांत शिकवत आणि शिकवणाऱ्यांची तयारी करून घेत आले आहे. माझ्या मते या तिन्हींच्या आधी एक चौथा प्रश्न येतो आणि तो येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला एकटीला गाठून विचारायचा असतो: तुम्हाला काय वाचता आले असते, तर बरे झाले असते?

हा प्रश्न न विचारल्यामुळे माझा पहिला वर्ग चौथ्या महिन्यात बंद पडला. सभागृह होते, फळा होता, उत्साह भरपूर होता आणि हातात पहिलीचे पुस्तक होते. ‘अ अननसाचा, आ आईचा’ असे आम्ही पन्नाशीच्या बायकांकडून एका सुरात म्हणवून घेत होतो. त्यांनी तक्रार केली नाही, कारण शिकवणाऱ्या बाईंचा मान राखायचा असतो. त्या फक्त एकेक करून यायच्या थांबल्या. पुढे त्यांपैकी एकीने मला सांगितले, की दवाखान्यातल्या चिठ्ठीवर मुलाचे नाव कोणते आणि औषधाचे कोणते, एवढे कळावे म्हणून ती आली होती आणि चार महिन्यांत त्या चिठ्ठीच्या जवळपासही आम्ही पोहोचलो नव्हतो. चूक आमची होती. प्रौढ माणूस उसनी वेळ काढून शिकायला येतो. ज्या कामासाठी तो आला, ते पहिल्या काही आठवड्यांत थोडे तरी हाती लागले नाही, तर तो पुन्हा येत नाही.

म्हणून पुस्तकाचा निर्णय तूर्त बाजूला ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकीशी स्वतंत्र बोला आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत वहीत टिपून ठेवा. बसची पाटी, मुलाच्या शाळेतून आलेली सूचना, बँकेतली पावती, मोबाइलवर आलेला निरोप, गीतपुस्तक, औषधाच्या पाकिटावरची तारीख अशी उत्तरे येतील. या उत्तरांतून पंधरा-वीस शब्द निवडा. प्राथमिक वाचन त्या शब्दांवर उभे करता येते आणि ही काही माझी कल्पना नव्हे. ब्राझीलमध्ये पावलो फ्रेरी या शिक्षणतज्ज्ञांनी 1963 मध्ये आंजिकोस या गावी सुमारे तीनशे प्रौढांना याच मार्गाने 40 तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. लोकांच्या जगण्यातला एक शब्द घ्यायचा, त्यावर आधी बोलायचे, मग तो अवयवांत फोडायचा आणि त्या अवयवांतून नवे शब्द जुळवायचे, अशी ती रीत होती. वीट या अर्थाच्या ‘तिजोलो’ या शब्दातून त-ते-ति-तो-तु असा स्वरांचा संच काढला, की शिकणारा स्वतःच पुढचे शब्द बनवू लागे. आपल्याला हे ओळखीचे वाटायला हवे, कारण हा संच म्हणजे आपली बाराखडीच आहे. फरक एवढाच, की आपण बाराखडी आधी पाठ करून घेतो आणि तिचा उपयोग वर्षभराने दाखवतो. त्यांनी उपयोग आधी दाखवला. त्या 40 तासांच्या आकड्याला मात्र भुलू नका. तो अक्षरे उलगडण्याचा काळ होता. वाचन अंगवळणी पडायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

देवनागरी शिकवताना वर्णमालेचा क्रम सोडण्याचे धैर्य मंडळातल्या शिक्षिकांना आणावे लागेल. क, ख, ग, घ हा क्रम उच्चारस्थानांवर बेतलेला आहे; डोळ्याला आणि हाताला तो सोपा नाही. ग, म, न, र, त, ल, स, क अशी रेषा मोकळी असलेली, वारंवार येणारी अक्षरे आधी घ्यावीत आणि त्यांच्याबरोबर लगेच काना द्यावा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ‘माला’, ‘गाल’, ‘तारा’, ‘काम’ असे खरे शब्द वाचता येतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प या जोड्या एकाच आठवड्यात कधीही शिकवू नका. एक अक्षर पक्के बसल्यावरच त्याच्यासारखे दिसणारे दुसरे आणा. पहिली वेलांटी हा एक वेगळाच अडथळा असतो, कारण ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चार मात्र नंतर होतो. शाळेत शिकलेल्या आपल्याला तो विसंगतपणा दिसतच नाही. नव्याने शिकणारी स्त्री ‘दिवा’ समोर थांबते आणि कोणते आधी म्हणू असे विचारते. तो प्रश्न बुद्धीचा असतो, त्याला शाबासकी द्यावी आणि मग नियम सांगावा. जोडाक्षरांची घाई नको. पण तिच्या स्वतःच्या नावात किंवा मुलांच्या नावांत जोडाक्षर असेल, तर तेवढे अपवाद म्हणून आधी शिकवावे.

नावाचा विषय निघाला म्हणून एक प्रसंग सांगते. एका वर्गात पहिल्याच दिवशी एक बाई म्हणाल्या, मला सही येते, मला पुढचे शिकवा. त्यांनी वहीत आपले तीन अक्षरी नाव रेखीव लिहून दाखवले. मी मधल्या अक्षरावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारले, तर त्यांनी पूर्ण नाव सांगितले. शेवटच्या अक्षरावर बोट ठेवले, पुन्हा पूर्ण नावच आले. त्यांच्या लेखी ते नाव म्हणजे एक चित्र होते. कुणीतरी कधीतरी सही करण्यापुरते ते गिरवून घेतले होते. मग आम्ही कागदावर ते नाव मोठ्या अक्षरांत लिहिले, कात्रीने तीन तुकडे केले आणि टेबलावर मागेपुढे सरकवत बसलो. मधला आणि शेवटचा तुकडा जोडला, की दुसराच एक शब्द तयार होत होता. तो त्यांनी स्वतः वाचला, मग तुकडे हातात घेऊन बराच वेळ उलटेसुलटे करत राहिल्या. त्या दिवशी आम्ही दुसरे काहीही शिकवले नाही. सही करता येणाऱ्या स्त्रीला साक्षर धरून पुढच्या गटात बसवण्याची चूक फार सर्रास होते, ती तुम्ही करू नका. युनेस्कोने 1958 मध्येच साक्षरतेची जी व्याख्या केली, तीत रोजच्या जीवनाविषयीचे छोटे, साधे विधान समजून वाचता आणि लिहिता येणे अपेक्षित आहे. सही ही त्या व्याख्येत कुठेच बसत नाही.

उच्चार सुधारण्याच्या मोहाबद्दलही लिहायला हवे, कारण निवृत्त शिक्षिकांचा हा हमखास दोष असतो. फळ्यावर ‘पाणी’ लिहिले आहे आणि शिकणाऱ्या बाईंनी ते ‘पानी’ असे वाचले, तर त्यांनी बरोबर वाचले आहे. अक्षरांतून अर्थापर्यंत त्या पोहोचल्या. त्यांच्या घरात तो शब्द तसाच बोलला जातो. तेथे ‘ण म्हणा, ण’ असा आग्रह धरला, की वाचनाचा वर्ग बोलण्याच्या परीक्षेत बदलतो आणि ज्या लाजेपायी त्या आयुष्यभर गप्प बसल्या, तीच लाज आपण परत आणतो. लेखनात ण आणि न यांतला फरक पुढे सावकाश दाखवता येतो. ज्यांची घरची बोली मराठीपासून पुरेशी दूर आहे, त्यांच्याबरोबर पहिले काही पाठ त्यांच्या बोलीतले शब्द देवनागरीत लिहून घेणे उत्तम. वेल्समध्ये ग्रिफिथ जोन्स या धर्मोपदेशकाने 1730 च्या दशकात फिरत्या शाळा सुरू केल्या, तेव्हा त्या इंग्रजीत न चालवता लोकांच्या वेल्श भाषेत चालवल्या. शेतीची कामे कमी असतील अशा दिवसांत, बहुधा हिवाळ्यात, शाळा तीनेक महिने एका गावी मुक्काम करी आणि दिवसा काम करणाऱ्या प्रौढांसाठी रात्रीही वर्ग भरे. भाषा त्यांची आणि वेळ त्यांची, एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या, तर अर्धे काम होते.

आता बायबलचा प्रश्न. चर्च आणि प्रौढ साक्षरता यांचे नाते जुने आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात 1798 मध्ये लेस आणि मोज्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या तरुण स्त्रियांसाठी प्रौढांची रविवारची शाळा निघाली, तेव्हा मुख्य उद्देश शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता यावे हा होता. त्यामुळे मंडळीतल्याच ज्या भगिनींना स्वतः शास्त्र वाचण्याची इच्छा आहे, त्यांना ते जरूर शिकवा. ती त्यांची गरज आहे आणि ती त्यांनी सांगितलेली आहे. परंतु परिसरातल्या इतर स्त्रियांसाठी वर्ग उघडत असाल, तर वर्गाची वेळ आणि उपासनेची वेळ वेगळी ठेवा, प्रार्थनेला बसणे ही प्रवेशाची अट करू नका आणि हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर, घरचे कुणी सोबत आले असतील तर त्यांच्याही समोर, स्पष्ट शब्दांत सांगा. अक्षर हे आमिष आहे असा संशय एकदा आला, की तो निघत नाही आणि खरे तर तो संशय बाळगण्याचा त्यांना अधिकार आहे. एखादीला तिच्या धर्माची पोथी वाचायची असेल, तर तिच्यासाठी तीच आणावी. आमच्या एका सहकारी भगिनीला हे जड गेले होते. मी तिला एवढेच विचारले, की तुझी आई दुसऱ्यांच्या वर्गात अक्षरे शिकायला गेली असती, तर तिच्याशी त्यांनी कसे वागावे असे तुला वाटले असते?

बायबलविषयी दोन व्यावहारिक अडचणी आहेत, त्या श्रद्धेच्या नसून छपाईच्या आणि भाषेच्या आहेत. नेहमीच्या प्रतीतला टाइप बारीक असतो आणि जुन्या भाषांतरातली वाक्यरचना नवशिक्या वाचकाला पेलत नाही. त्यापेक्षा तोंडपाठ असलेले गीत घ्यावे, एकेक ओळ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहावी आणि वाचायला द्यावी. शब्द आधीच ओळखीचे असल्याने अक्षरांवर लक्ष देता येते. मात्र येथे एक फसगत होते. बाई ओळीवर बोट फिरवत सुंदर म्हणतात आणि आपल्याला वाटते की वाचन आले. प्रत्यक्षात बोट तिसऱ्या शब्दावर असते आणि आवाज पाचव्यावर. ओळीच्या मधल्याच एका शब्दावर अचानक बोट ठेवून हा कोणता असे विचारावे, किंवा ओळीचे शब्द कापून उलटसुलट मांडावेत. सूर न लावता जे वाचता येते, तेच वाचन.

शिकवणाऱ्यांची निवड करताना तिन्ही निवृत्त शिक्षिकांना आपोआप प्रमुख करू नका, हे मी त्या भगिनींचा पूर्ण आदर ठेवून लिहीत आहे. लहान मुलांना शिकवण्याच्या तीस वर्षांच्या सवयी, म्हणजे हजेरी, लाल शाई, चुकले की सगळ्यांसमोर दुरुस्ती, उशिरा आल्यास जाब, या मोडायला वेळ लागतो. सगळ्यात चांगली शिक्षिका मी पाहिली, ती स्वतः चाळिशीनंतर शिकलेली होती. कुठे पाय अडखळतो हे तिला आठवत होते. तुमच्या मंडळात अशी कुणी असेल, तर तिला पुढे करा. वर्गाला नेहमी दोघी असाव्यात, कारण एकटी शिक्षिका आजारी पडली किंवा गावी गेली, की वर्ग बुडतो आणि दोनदा बुडालेला वर्ग तिसऱ्यांदा भरत नाही. एका वेळी सहा ते आठ शिकणाऱ्या पुरेत. फिलिपिन्समध्ये मिंडानाओ बेटावर 1930 मध्ये साक्षरतेचे काम सुरू करणाऱ्या फ्रँक लॉबॅक या मिशनऱ्याकडचे पैसे जागतिक मंदीत आटले, तेव्हा जो शिकेल त्याने दुसऱ्याला शिकवलेच पाहिजे असा आग्रह तिथल्याच एका सरदाराने धरला आणि ‘प्रत्येकाने एकाला शिकवावे’ ही पद्धत त्यातून वाढली. लॉबॅक यांच्या तक्त्यांत अक्षराचा आकार एखाद्या वस्तूच्या चित्रात बसवलेला असे. काही अक्षरांना ती युक्ती छान लागू पडते, सगळ्यांना ओढूनताणून लावू नये. त्यांची एकाने एकाला शिकवण्याची रीत मात्र आजही लागू आहे. एखादी स्त्री पंधरा अक्षरे शिकली, की तिला नव्या आलेल्या स्त्रीच्या शेजारी बसवा. शिकवताना तिचे स्वतःचे पक्के होते.

उरलेल्या भगिनींना काम काय, असा प्रश्न मंडळात उभा राहील. माझ्या अनुभवाने त्यांचे काम शिकवण्याइतकेच महत्त्वाचे असते. दोघींनी शेजारच्या खोलीत मुले सांभाळावीत. मांडीवर मूल घेऊन वेलांटी शिकता येत नाही. दोघींनी दोन दिवस न आलेल्या स्त्रीच्या घरी जावे, पण का आला नाहीत असे विचारायला नव्हे, तर तब्येत कशी आहे असे विचारायला. बाळंतपण, शेतीचा हंगाम, घरातले आजारपण यांमुळे खंड पडणारच. वहीतून नाव खोडू नये आणि ती परत आली, की जिथे सोडले होते तिथूनच विनातक्रार सुरू करावे. साप्ताहिक भेटीची आणि घरोघर जाण्याची मंडळाला मुळात सवय असते, हे महिला मंडळाचे खरे बळ आहे. मेरी समनर यांनी 1876 मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन केलेल्या मदर्स युनियन या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेने 2000 साली बुरुंडी, मलावी आणि सुदान येथे साक्षरता आणि विकासाचा कार्यक्रम सुरू केला, त्याचा पायाही स्थानिक स्त्रियांचे गट आणि त्यांच्या प्रश्नांवरची गटातली चर्चा हाच होता.

चष्म्याचा मुद्दा कुणी विचारत नाही, म्हणून मीच काढते. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागते आणि ज्या स्त्रीने कधी वाचलेलेच नाही, तिला ते कळायला फारशी जागाच नसते. सुई ओवताना नातीला हाक मारायची, एवढाच तिचा उपाय असतो. ‘डोक्यात शिरत नाही’ असे म्हणणाऱ्या कितीतरी बायकांची अडचण डोक्यात नसून डोळ्यांत होती. वर्ग सुरू होण्याआधी सगळ्यांची जवळची नजर तपासून घ्या आणि मंडळाकडे वर्गणीचे थोडे पैसे असतील, तर ते पाटीपुस्तकांआधी वाचनाच्या चष्म्यांवर खर्च करा. दिवा डोक्यामागे नको. अक्षरे बोटाच्या पेराएवढी तरी असू द्या. पेन्सिल धरताना हात आखडतो, म्हणून पहिले काही दिवस फरशीवर खडूने, खांद्यापासून हात हलवून, मोठमोठी वळणे काढून घ्यावीत.

अंकांबद्दल फार लिहीत नाही, कारण तेथे शिकणाऱ्या स्त्रिया तुमच्यापुढे असतात. तोंडी हिशेब त्यांना पक्का येतो आणि मोबाइलमुळे अंकही बहुतेकींच्या ओळखीचे झालेले असतात. फक्त हातच्याचे आणि शून्याचे लेखन शिकवायचे असते. पहिल्या आठवड्यातच आकडे घ्या, त्यांचा आत्मविश्वास तेथून येतो.

एक नाजूक गोष्ट आहे. वर्गात मनमोकळे बोलणे सुरू झाले, की घरातली मारहाण, नवऱ्याचे व्यसन, कर्ज, सुनेचे हाल असे सगळे बाहेर येते. चर्चच्या मंडळात अशी गोष्ट बाहेर फुटण्याची एक ठरलेली वाट असते आणि तिचे नाव ‘प्रार्थनेसाठी विनंती’ असे असते. ‘अमुक भगिनीच्या घरासाठी प्रार्थना करू या’ म्हणताना चांगल्या हेतूने पूर्ण हकिगत सांगितली जाते आणि रविवारपर्यंत ती सगळ्या वस्तीला कळते. वर्गात ऐकलेले वर्गाबाहेर, प्रार्थनेतही नावानिशी जाणार नाही, असे शिकवणाऱ्या प्रत्येकीकडून आधी वचन घ्या. मदतीची गरज असेल, तर ती त्या स्त्रीला विचारून, योग्य ठिकाणी, तिच्यासोबत जाऊन मिळवून द्या. तसेच मंडळाच्या अहवालात किंवा चर्चच्या सूचनाफलकावर ‘निरक्षर भगिनी’ अशा मथळ्याखाली त्यांचे फोटो लावू नका. पाटीवर ‘महिला वाचन वर्ग’ लिहिले, तरी काम भागते.

किती महिने, या प्रश्नाचे उत्तर मी जाणीवपूर्वक शेवटी ठेवले. आठवड्यातून तीनदा दोन-दोन तास वर्ग नियमित भरला, तर साध्या ओळी अडखळत वाचायला साधारण सहा महिने लागतात असे मी गृहीत धरते, परंतु अडखळत वाचणे हा थांबण्याचा मुक्काम नव्हे. एकेक अक्षर जुळवत वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरली जाते, त्यामुळे अर्थ लागत नाही. अर्थ लागत नाही म्हणून वाचन सुटते. आणि वर्षभरात अक्षरेही पुसट होतात. तुमची आठवड्यातून एकच भेट असेल, तर ती पुरणार नाही, हे आताच मंडळापुढे ठेवा. दुसरे असे, की प्रमाणपत्राच्या समारंभानंतर पुढचे वर्षभर वाचायला काहीतरी मिळत राहील, याची तरतूद वर्ग सुरू करण्याआधीच करा. सर्वांत चांगले साहित्य त्यांच्याकडूनच मिळते: एक बाई सांगते, दुसरी तिच्याच शब्दांत मोठ्या अक्षरांत लिहून घेते, आणि पुढच्या वेळी सगळ्या ते वाचतात. स्वतःचे बोलणे कागदावर पाहिलेले वाचायला सोपे जाते. प्रगती तपासायला परीक्षा नको. न पाहिलेली एक चिठ्ठी, एक पाटी, एक सूचना पुढे ठेवा आणि काय कळले ते विचारा.

पहिल्या दिवशी पुस्तक नेऊ नका. कोरे कागद, जाड स्केचपेन, कात्री, खडू आणि जमतील तेवढे वाचनाचे चष्मे घेऊन जा. खुर्च्या फळ्याकडे तोंड करून न मांडता सतरंजीवर गोल बसा, शिकवणाऱ्याही त्याच सतरंजीवर. मग एकेकीला बाजूला घेऊन तो चौथा प्रश्न विचारायला सुरुवात करा, उत्तर तिच्यासमोर लिहा आणि तिला वाचून दाखवून विचारा, तुम्ही म्हणालात ते हेच ना? तिने मान डोलावली, की तो कागद जपून ठेवा. तिचा पहिला धडा त्याच कागदावरून घ्यायचा आहे.